साम्य सत्त्याण्णव टक्के

१

माझा दिवस सकाळी साडेनऊला सुरू होतो. बारामतीत एमआयडीसीकडं जाणाऱ्या रस्त्यावर, टायरच्या दुकानाच्या डोक्यावर माझी एक खोली आहे. तिला मी ऑफिस म्हणते. खाली हवा भरायचा पंप धडधडत असतो, वर मी डेअऱ्यांसाठी जनावरांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर लिहीत बसते. चहा येतो. तो पिता पिता मी दोन गोष्टी बघते. पुण्यातल्या माझ्या दोन सहकाऱ्यांनी काल प्रोग्रॅममध्ये काय बदललं, आणि पणदऱ्यात माझ्या आईत काल काय बदललं.

दुसरी गोष्ट ऐकून लोक हसतात. हसोत बापडे.

आईला गेल्या उन्हाळ्यापासून विसरायला व्हायचं. गॅसवर दूध ठेवून ती रानात जायची. माझे वडील, आण्णा, जाऊन तीन वर्षं झाली, तरी त्यांना जेवायला हाका मारायची. बारामतीतल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "रोज काय बदल जाणवतो तो लिहून ठेवा." आता मी राहते बारामतीत, आई पणदऱ्याच्या वस्तीवर. मधे पंचवीस मिनिटांचा रस्ता. तो रोज तुडवणारी लेक मी नव्हे, हे आधीच सांगून टाकते. काम माझ्या पाचवीला पुजलेलं आहे, निदान मी तसं सगळ्यांना सांगते.

दिवसभर आईजवळ सारजामावशी असायच्या. शेजारच्या वस्तीवरच्या, साठीच्या, एकट्या. सकाळी आठला यायच्या, दिवेलागणीला गॅसचा रेग्युलेटर काढून पदरात बांधून घरी जायच्या. रात्री आई एकटीच झोपायची. ती कुणाला थांबू द्यायची नाही आणि मीही फार आग्रह केला नाही.

डॉक्टरांचं म्हणणं मी मावशींना सांगितलं, तर त्यांनी हात झटकले.

"बदल मला न्हाय दिसायचा, ताई. रोज बघणाऱ्याला बदल दिसतो व्हय? पोरगं वाढल्यालं पाव्हण्याला दिसतं, घरच्यांना न्हाय."

बरोबरच होतं. मग मी म्हटलं, "बदल राहू द्या. जे आहे तेवढंच रोज सांगा. बदल मशीन काढेल."

त्या वेळी मला माझ्या अकलेचं फार कौतुक वाटलं होतं.

२

मी चाळीस प्रश्नांचा एक कागद केला, प्लास्टिकमध्ये घालून स्वयंपाकघराच्या दारामागं चिकटवला. कितीला उठली. चपला कुठं काढल्या. पहिली भाकरी कुणाला. हरणीची धार कुणी काढली, हरणी पान्हवली का. आज जुनं काय आठवलं. हरणी म्हणजे आईची गाय. सारजामावशी संध्याकाळी फोनपुढं उभं राहून उत्तरं सांगायच्या, फोन ती टाइप करून मला पाठवायचा. ज्या नावानं त्या सुरुवात करतील त्या नावाची फाइल माझ्याकडं बनायची. आईला त्या आक्का म्हणत, म्हणून फाइलचं नाव आक्का.

या फाइली मी गिटमध्ये ठेवायचे. प्रोग्रॅमच्या फाइली सांभाळायला आम्ही वापरतो ती यंत्रणा. कुणी कधी काय बदललं ते तिच्याकडून कळतं, म्हणून नवख्यांना वाटतं की ती बदल टिपून ठेवते. तसं नाही. ती फक्त त्या त्या वेळचा अख्खा फोटो काढून ठेवते. काल असं होतं, आज असं आहे. मधे काय घडलं ते तिनं पाहिलेलं नसतं. आपण विचारलं की ती दोन फोटो शेजारी धरते आणि अंदाज बांधते, की ही ओळ गेली असेल, ही आली असेल. एखादी फाइल दिसेनाशी झाली आणि त्याच वेळी भलत्याच नावाची दुसरी फाइल उगवली, तर ती दोन्ही ताडून बघते. निम्म्याहून जास्त मजकूर जुळला की म्हणते, कुणी गेलं नाही, कुणी आलं नाही, नुसतं नाव बदललं. किती टक्के जुळलं तेही सांगते.

नव्या पोरांना मी घसा कोरडा होईपर्यंत सांगते, हा तिचा अंदाज आहे, साक्ष नव्हे. पण मनातून मीही तिच्यावरच विश्वास ठेवत आले.

आठ महिने हे चाललं. विसरणाऱ्या माणसाचे दोन दिवस सारखे नसतात. रोज चाळिसातल्या पाच-सहा ओळी तरी हलायच्या. मी त्यांचा तक्ता करून डॉक्टरांना दाखवायचे. डॉक्टर मान हलवायचे.

तुळशीचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवशीचा निकाल मी तिसऱ्या दिवशी सकाळी उघडला. त्यात एवढंच होतं.

आक्का: नाही. पाव्हणी: नवीन. साम्य सत्त्याण्णव टक्के. अर्थ: नाव बदलले.

३

मला हसू आलं. घरी कुणीतरी आलं असेल आणि मावशींची गडबड झाली असेल, असं धरून मी फोन लावला.

"मावशी, पाव्हणी कोण आलीय?"

"तुमाला ठावं असंल म्हनून मी इचारलं न्हाय."

"मला काही माहीत नाही. कोण आहे? बसलीय का अजून?"

"हाय की. भाकरी थापतीय."

"आणि आई?"

पलीकडं भाकरी थापल्याचा आवाज येत होता. एका लयीतला, माझ्या लहानपणापासूनचा आवाज.

"आक्का न्हाईत, ताई."

"नाहीत म्हणजे? कुठं गेली?"

"ते मला कसं ठावं? परवा दिवेलागणीला मी निघाले तवा आक्का हुत्या. काल सकाळी आले तर ह्या हायती."

माझ्या हातातला चहा मी खाली ठेवला. "दिसायला कशी आहे?"

"आक्कावानी."

"आईसारखी दिसते, आईच्या घरात भाकरी थापते, मग ती आईच ना, मावशी! तुम्हाला बरंबिरं नाही का?"

"तुमीच म्हनला हुता, जे हाय तेवढंच सांगा. मी सांगितलं." त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. बाजारात आज वांगी नाहीत, गवार आहे, असं कुणी सांगावं तसं त्या सांगत होत्या.

मग मागून आईचा आवाज आला. "राजीचा फोन हाय का? च्या पिलीस का गं, राजी?"

"प्यायले," मी म्हटलं. मला एकदम सुटल्यासारखं वाटलं. मावशींना मी चार शब्द सुनावले आणि फोन ठेवला.

नंतर मी ते सत्त्याण्णव टक्के पुन्हा बघितले. चाळिसातल्या एकोणचाळीस ओळी आदल्या दिवशीच्या ओळींशी अक्षरन् अक्षर जुळत होत्या. एवढं साम्य आठ महिन्यांत एकदाही आलं नव्हतं. आई स्वतःशी कधी इतकी जुळली नव्हती.

जी एक ओळ वेगळी होती ती अशी. हरणी पान्हवली नाही.

४

रविवारी मी गेले. फाटकाची कडी वाजली तशी आई दारात आली, पदराला हात पुसत म्हणाली, "आलीस? बस, च्या ठिवते." कपाळावरचं गोंदण तेच, डाव्या हाताच्या करंगळीवरची विळ्याची खूण तीच. बोलणं तेच. मी सारजामावशींकडं बघितलं, त्यांनी नजर खाली घातली.

आई काही विसरत नव्हती. दूध उतू गेलं नाही. आण्णांना हाक मारली नाही. कुठला वार विचारलं, बरोबर सांगितला. डॉक्टरांकडं नेलं तर त्यांनीही तिला उलटसुलट विचारलं आणि खूश झाले. "गोळ्या लागू पडल्या म्हणायच्या. सुधारणा आहे." सारजामावशींचं बोलणं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, वय झालेल्या माणसांना कधीकधी ओळखीची माणसं परकी वाटतात. तपासायचं तर त्या बाईंना आणा.

मला पटलं. पटवून घ्यायला मला कष्ट पडलेच नाहीत.

त्या रविवारी जेवण झाल्यावर आईचं ताट मोरीत उताणंच पडलेलं दिसलं. आईला जेवल्या जेवल्या आपलं ताट राखेनं घासून पालथं घालायची सवय. पाहुणे पंगतीत बसलेले असले तरी ती आधी ताट घासून येई. मी ते बघितलं आणि विसरले. ताटाचा प्रश्न माझ्या चाळिसात नव्हता.

निघताना गोठ्यात डोकावले. हरणी दावणीला पाठ करून, दोर ताणून उभी होती. गोठ्याला लागूनच आमचा दीड एकर ऊस आहे, पुरुषभर उंचीच्या वर गेलेला. तिकडं तिचं तोंड होतं. वैरण तशीच पडली होती.

"आई धार काढायला बसली की लाथ झाडती," सारजामावशी हळूच म्हणाल्या. त्यांनी माझ्यापुढं तेवढ्यापुरतं आई म्हटलं हे मला कळलं. "मी बसले तर जरा देती. पन दुपारच्याला, कुनी हात लावल्याबिगर पान्हा सोडती. उसाकडं बघत हंबरती आन् दूध गळतं खाली. वासरू दिसल्यावानी."

"तिचं वासरू तर कधीच विकलं."

"तेच म्हनते मी."

५

मी शहाणी बाई आहे. भुतंखेतं माझ्या घरात कुणी ऐकवली तर मी टीव्हीचा आवाज वाढवते. म्हणून मी माझ्याच हत्यारानं शोध घ्यायचं ठरवलं.

"आज जुनं काय आठवलं" या प्रश्नाची वीस दिवसांची उत्तरं मी काढली. एखादी ओळ आधी कुठं होती का, हेही यंत्रणेला विचारता येतं. तिनं सगळ्यांचा माग काढून दिला. पाव्हणीनं सांगितलेली पहिली आठवण आईनं आदल्याच दिवशी, तुळशीच्या लग्नाला सांगितली होती, त्याच शब्दांत. दुसरी ऑगस्टमध्ये. तिसरी गौरीच्या दिवशी. वीसच्या वीस. आठ महिन्यांत जे सारजामावशींच्या तोंडून फाइलीत गेलं होतं, त्यापलीकडचं तिला एकही आठवलेलं नव्हतं.

म्हातारी माणसं तेच ते सांगतात, असं मी स्वतःला समजावलं. पण त्याच शब्दांत सांगतात का?

मग मी तिला स्वतः विचारलं. आईचं माहेर इंदापूरकडं, धरणाच्या फुगवट्याच्या काठाला. मी सात वर्षांची असताना होडीतून पलीकडं जाताना माझी एक चप्पल पाण्यात पडली होती. मी रडायला लागले, तर आईनं माझ्या पायातली दुसरीही काढून पाण्यात टाकली. म्हणाली, एकीला सोबत नको का? हे कधी कुठं लिहिलेलं नव्हतं.

"आई, होडीत माझं काय पडलं होतं गं?"

ती हसली. छान हसली. "तूच सांग की."

मी सांगितलं. फक्त एक केलं, चप्पल निळी होती ती लाल सांगितली.

चौथ्या दिवशी पाव्हणीच्या फाइलीत ती आठवण आली. होडी, रडणं, सोबत. आणि लाल चप्पल.

डॉक्टरांना विचारलं असतं तर म्हणाले असते, विसरणारी माणसं दुसऱ्याचं ऐकून आपलं करतात. असंही असेल. मी विचारलं नाही.

त्या रात्री मी ठरवलं की एक गोष्ट तिला सांगायची नाही. चुलीपुढं दोघीच असलो की आई मला भुंगी म्हणायची, कारण मी अभ्यास करताना गुणगुणायचे. आण्णांनाही ते माहीत नव्हतं. कॉलेजला पुण्याला गेले तेव्हापासून मी तिला ते म्हणू देत नसे, लाज वाटायची. हे नाव फक्त तिच्याजवळ आणि माझ्याजवळ होतं.

६

डिसेंबरात एका बुधवारी सांगवीत एका डेअरीवर काम होतं. ते लवकर आटपलं, म्हणून न सांगता पणदऱ्याला निघाले. वस्तीच्या अलीकडं स्कूटर पंक्चर झाली. ती बांधाला लावून मी आडवाटेनं, उसाच्या कडेनं चालत घराच्या मागच्या अंगाला आले. दुपारचे साडेबारा असतील. सारजामावशी दळण घेऊन गावात गेल्या होत्या. लख्ख ऊन होतं.

स्वयंपाकघराची मागची खिडकी उघडी होती.

ती आत उभी होती. चुलीजवळ, भिंतीकडं तोंड करून, दोन्ही हात अंगाला लावून. मी हाक मारणार होते. पण तिच्या उभं राहण्यात काहीतरी होतं. ती काही बघत नव्हती. भिंत तिच्या नाकापासून वीतभर होती. एक माशी तिच्या गालावर बसली, गालावरून ओठावर आली, ओठांच्या मधोमध थांबली. तिनं हात उचलला नाही. मी घड्याळ बघितलं आणि उभीच राहिले. पंधरा मिनिटं. तिचा पदर श्वासानं हलतो का ते मी बघत होते, आणि मला खात्रीनं सांगता येत नाही.

मग पुढच्या अंगाला फाटकाची कडी वाजली.

कडी वाजली तशी ती वळली, खाली बसली, परातीत हात घातला आणि पीठ मळायला लागली. "आलीस का, सारजा?" ती म्हणाली.

मी आल्या वाटेनं मागं सरकले. उसाच्या कडेला मला एक जर्मनची ताटली दिसली. तिच्यात भाकरीचा चतकोर आणि वर चटणी.

७

"ताटली कुणी ठेवलीय?" मी वळसा घालून पुढच्या अंगाला आले आणि मावशींना फाटकाबाहेर बोलावून विचारलं.

"मी."

"कुणासाठी?"

"असंल त्याच्यासाठी." त्यांनी दळणाचा डबा या काखेतून त्या काखेत घेतला. "रोज ठिवते. रोज खाल्ल्याली असती."

"डुकरं खात असतील. बिबट्या आलाय म्हणतात कऱ्हाटीकडं, त्याला आयतं बोलावणं."

"डुकरं ताटली घासून ठिवत न्हाईत, ताई."

मी उसाकडं वळून बघितलं. त्याच म्हणाल्या, "तुमी एकडाव हाक मारा उसात. माझ्या हाकंला काय त्या यायच्या न्हाईत, घाबरत्यात. आक्काला वाट घावत न्हाय, ठावं हाय न्हवं तुमाला? घरातल्या घरात चुकायच्या. तुमची हाक वळखतील."

मी म्हटलं, बघू. आपण बघू म्हणतो तेव्हा काय बघतो देव जाणे.

का नाही हाक मारली, तेही सांगते, आता लपवून काय करू. ऊस दाट होता, पाचटाची पाती अंग कापतात, बिबट्याची भीती होती. ही सगळी कारणं खरी आहेत. पण मी त्या खिडकीपासून परत आले तेव्हा घाबरलेली होते, आणि त्याच संध्याकाळी घरी तिनं फोन करून विचारलं, "पोचलीस का गं?" आठ महिन्यांत आईनं स्वतः फोन लावला नव्हता, तिला फोन कसा लावतात तेच आठवायचं नाही. माझी आई मला दोनदा सारजा म्हणाली होती. एकदा म्हणाली होती, बाई तुम्ही कुणाच्या? त्या दिवशी स्कूटरवर मी बारामतीपर्यंत रडत आले होते. ही मला एकदाही चुकली नाही. हिला सांभाळणं सोपं होतं.

संक्रांतीच्या आधी सारजामावशी इंदापूरला लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. परत येणार नाही म्हणून सांगूनच गेल्या. "वळख न्हाय पाळख न्हाय, दिसभर कुनाच्या सोबतीला बसू?" जाताना त्यांनी ताटलीचं मला दोनदा सांगितलं. मी चार दिवस रजा काढून वस्तीवर राहायला गेले. ताटली एकदाही ठेवली नाही.

८

उसाची तोड सोमवारी होती. टोळीचा मुकादम सोनबा रविवारीच येऊन फड बघून गेला.

रविवारी संध्याकाळी चारच्या सुमारास मी अंगणात बाजेवर लॅपटॉप घेऊन बसले होते. ऊन उसाच्या शेंड्यांवर आलं होतं. वारा नव्हता. हरणी अचानक ताठ झाली. तिनं कान पुढं केले, हंबरली, आणि तिच्या सडांतून दुधाच्या धारा आपोआप खाली गळायला लागल्या. मातीवर पडणाऱ्या दुधाचा आवाज मला बाजेवर ऐकू येत होता.

मग उसातून हाक आली.

फार आतून नाही. पाच-सहा सऱ्यांच्या पलीकडून असेल. आवाज बसलेला होता, बरेच दिवस न बोललेल्या माणसाचा. तिनं राजी म्हटलं नाही. राजी हे नाव बहुतेक तिच्याजवळ उरलंच नव्हतं.

"भुंगे," ती म्हणाली. "ए भुंगे. कुठंय गं मी?"

मी उठले. एवढं मी केलं, उठले. लॅपटॉप बाजेवर ठेवला, उसाकडं चार पावलं टाकली. पाती हलत होती, एकाच जागी, कुणीतरी हातानं बाजूला करून बघत असल्यासारखी.

"राजी," मागून आवाज आला. ती दारात उभी होती. हातात माझा कप, कपाला धरायला पदर. "च्या निवतोय."

मी दोघींच्या मधे उभी होते. मला दोन्ही आवाज ऐकू येत होते आणि दोन्ही एकच होते. सांगायला लाज वाटते, पण मी त्या वेळी हिशेब केला. आत जी आहे ती उद्या मला ओळखणार नाही. ती रात्री उठून रानात जाईल, अंगावर धावून येईल, अंथरूण ओलं करेल, आणि एक दिवस तिला भुंगीही आठवणार नाही. आणि बाहेर जी आहे ती माझा चहा घेऊन उभी आहे.

मी चहा घेतला. साखर बरोबर होती.

उसातून पुन्हा हाक आली नाही. हरणी अंधार पडेपर्यंत हंबरत राहिली.

९

सोमवारी दिवस उगवायला टोळी आली. कोयते चालायला लागले. मी घरात कानात इयरफोन घालून बसले. दुपारपर्यंत निम्मा, दिवस कलेपर्यंत सगळा फड मोकळा झाला. उसाच्या जागी नुसतं रान, थेट कॅनॉलपर्यंत दिसणारं. त्यात कुणी नव्हतं.

सोनबा पाणी प्यायला अंगणात आला. तांब्या खाली ठेवून म्हणाला, "ताईसाहेब, मधी एका जागंला पाचट बसल्यावानी दाबल्यालं हुतं. डुकराची बसकण म्हनावं तर ह्ये घावलं तितं."

त्यानं पुढं केली ती सारजामावशींची ताटली होती. "पालथी घातल्याली हुती," तो म्हणाला. "मातीनं घासून."

मी ती घेतली आणि फडताळात ठेवून दिली.

मंगळवारी सकाळी हरणी हंबरली नाही. तिनं उसाच्या जागेकडं बघितलंही नाही, वैरण खाल्ली. आई कासंडी घेऊन धारेला बसली तेव्हा मी गोठ्याच्या दारात उभी राहून बघत होते. हरणी पान्हवली. कासंडीत धार वाजायला लागली, आधी पत्र्यावर वाजते तशी, मग फेसात.

सारजामावशी नव्हत्या, म्हणून चाळीस उत्तरं मला भरायची होती. दारामागच्या कागदासमोर उभी राहून मी एकेक भरली. उठली पाचला. चपला उंबऱ्याबाहेर. पहिली भाकरी गाईला. हरणी पान्हवली. जुनं काय आठवलं म्हणून विचारलं, तर इंदापूरच्या बाजारातून आण्णांनी बांगड्या आणल्या होत्या ती गोष्ट तिनं सांगितली. तुळशीच्या लग्नाच्या दिवशीही आईनं तीच सांगितली होती. शेवटी सगळ्यात वरचं नाव राहिलं. तिथं बोट बराच वेळ थांबलं. तिथं काय लिहायचं हे ठरवणारं दुसरं कुणी आता नव्हतं.

मी आक्का लिहिलं.

मग यंत्रणेला सांगितलं, तुळशीच्या लग्नाच्या दिवशीचा फोटो घे, आजचा घे आणि काय बदललं ते सांग. क्षणभर पडदा रिकामा राहिला. मग एक ओळ आली. कोणताही बदल नाही.

मधल्या दिवसांचं तिला काही विचारलंच नव्हतं. मी ती ओळ परत परत वाचली आणि मला बरं वाटलं. हेच मला कुणाला तरी सांगायचं होतं. मला बरं वाटलं. मी लॅपटॉप मिटला. सवयीनं गुणगुणतही असेन.

स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"भुंगे," ती आतून म्हणाली, "जेवायला ये."

हाक परवाच्यासारखी बसलेली नव्हती. आवाज मोकळा होता, पुण्याला जायच्या आधीच्या दिवसांतला. मी फडताळाकडं बघितलं, ताटली तिथंच होती. मी हात धुतले.

"आले गं, आई," मी म्हटलं.